आमच्यात मामा टिकत नाही

माझ्या माहेरी, पिंपरी पेंढारला, बायकांमध्ये एक वाक्य होतं. मोठ्याने कुणी म्हणत नसे, पण जावळ, लग्न असं काही निघालं की एकमेकींच्या कानाशी म्हणायच्या, "आपल्यात मामा टिकत न्हाई." माझ्या आईचा मामा तरुणपणीच गेला. माझा मामा मी जन्मायच्या आधी गेला. माझा थोरला भाऊ मी सातवीत असताना गेला, आणि माझ्या पुढे होणाऱ्या मुलांचा मामा त्याच्याबरोबरच गेला. कुणी म्हणायचं, देवीचं काहीतरी राहिलंय. कुणी म्हणायचं, पोलिओ. पोलिओ हा शब्द सगळ्यांना सोयीचा होता, कारण त्यात कुणाचा दोष नसतो आणि मुलींची लग्नं अडत नाहीत. माझ्या लग्नात सासरच्यांना तेच सांगितलं. आपण काही लपवतोय असं आमच्या घरात कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही. मला भाऊ आठवतो तो खाटेवर पडलेलाच. तो चालायचा कसा, पडायला कधी लागला, हे मी पाहिलेलंच नव्हतं.

माझ्या मुलाच्या जावळाला मांडी कुणाची, असा प्रश्न आला. आमच्यात पोराला मामाच्या मांडीवर बसवून पहिले केस काढतात. शेवटी एका चुलतभावाला गळ घातली. तो आला, बसला, पण न्हाव्याने वस्तरा काढल्यावर पोराऐवजी त्याच्याच कपाळाला घाम फुटला. आमच्या घरच्या मामाच्या जागेवर बसणं म्हणजे काय, हे त्यालाही ऐकून माहीत होतं. जेवणं झाल्याबरोबर पान न खाता मोटरसायकलवर टांग टाकून तो जो गेला तो दिवाळीलाच दिसला. आम्ही खूप हसलो त्याला.

माझं सासर कळंबजवळ. नवरा अवसरीच्या कॉलेजात वर्कशॉपला आहे आणि मी मंचरच्या एका शाळेत मराठी शिकवते. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. घरात चौथे माणूस माझे सासरे. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं. तात्या जुने पैलवान. कान मोडलेले, चाल अजून छाती काढून, आणि जगातल्या कुठल्याही दुखण्यावर औषध दोनच, दूध आणि बैठका.

मुलगा तीन-साडेतीन वर्षांचा झाला तशा त्याच्या पोटऱ्या भरायला लागल्या. बाकी अंग काडी, पण पोटऱ्या गच्च. तात्यांना तर स्वर्ग दोन बोटं उरला. आल्यागेल्यापुढे त्याला पाठमोरा उभा करायचे. "बघा राव पोटऱ्या. दाबून बघा. ही आमच्या घराची माती हाय." लोक दाबून बघायचे आणि मान डोलवायचे. पोरगा चालताना थोडा डुलायचा, तेही तात्यांना पैलवानाचं डुलणं वाटायचं. जिना चढताना कठडा धरून बसायचा, पळताना सगळ्यांच्या मागे राहायचा. मी म्हणायचे आळशी आहे. तात्या म्हणायचे, "अंगात ताकद उतरतीय अजून." रोज सकाळी मांडीवर तेल चोळून त्याच्याकडून बैठका काढून घ्यायचे. तो मधेच रडायला लागायचा. मी चहा करता करता ओरडायचे, "रडतोस काय, आजोबा सांगतात ते कर!"

त्या वर्षी जत्रेला माझी आई आली होती. सकाळी घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, बैलगाड्यांच्या शर्यती झाल्या आणि दुपारी आखाडा सुरू झाला. सुरुवातीला अगदी बारक्या पोरांच्या कुस्त्या लावतात, जिंकेल त्याला ओंजळभर रेवड्या. तात्यांनी त्याला लाल लंगोट शिवून घेतला होता. समोरचं पोरगं त्याच्याहून लहान होतं. त्याने नुसता हात लावला आणि आमचा पाठीवर पडला. लोक हसले, तात्याही हसले. "ऊठ रे वाघा!" वाघ उठायला लागला. आधी पालथा झाला, मग चार पायांवर आला, मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, मग मांड्यांवर, आणि स्वतःच्याच अंगावर हातांनी चढत चढत उभा राहिला. मला त्यात काही नवीन नव्हतं, तो उठायचाच तसा. पण माझ्या शेजारी बसलेली आई उठली आणि आखाड्याबाहेर निघून गेली. घरी जाऊन पाहते तर पिशवी भरून तयार. "आळेफाट्याची गाडी हाय आता," म्हणाली. मी चिडले. लेकीच्या घरी जत्रेला येऊन पुरणपोळी न खाता जाणारी आई मी पाहिली नव्हती. तिने मुलाचा मुका घेतला, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि गेली. तिने आधी आपल्या भावाला आणि मग मुलाला असं उठताना पाहिलं होतं, आणि हा तिसरा होता. ते तिच्या तोंडून बाहेर पडायला पुढे पुण्याच्या डॉक्टरांना आजाराचं नाव घ्यावं लागलं.

तो सपाट जमिनीवरही पडायला लागला, तेव्हा त्याला पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी त्याच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या, जशा गावातल्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या, पण त्यांनी मान डोलवली नाही. रक्त घेतलं. रिपोर्ट आल्यावर आम्हाला समोर बसवून कागदावर आमचं घर काढलं. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन. आईचा मामा, माझा मामा, माझा भाऊ, माझा मुलगा, एकेक चौकोन त्यांनी पेनने काळा केला आणि सगळ्या गोलांमधून खाली येणारी रेघ माझ्यापाशी आणून थांबवली. स्नायूंचा आजार आहे, म्हणाल्या. सहसा मुलग्यांनाच होतो, मुली तो पुढे घेऊन जातात. पोटऱ्या भरलेल्या दिसतात, पण ते बळ नव्हे, मेलेल्या स्नायूच्या जागी चरबी साठते. दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत चालेल. पुढे हात. त्याच्यापुढे छाती. औषधांनी थोडं लांबेल. देवीचं काही राहिलेलं नव्हतं. आमचंच आमच्यात होतं.

तात्या बरोबर होते. मुलगा त्यांच्या मांडीवर होता. उठताना त्यांनी विचारलं, "बाई, आमी बैठका काढून घ्यायचो. त्यानं काय..."

डॉक्टरबाई खोटं बोलल्या नाहीत. "आता नका काढून घेऊ," एवढंच म्हणाल्या. पुण्यापासून घरापर्यंत तात्या गाडीच्या खिडकीबाहेर पाहत होते. त्या दिवसापासून त्यांनी आपल्या स्वतःच्याही बैठका बंद केल्या. छाती काढून चालणं गेलं. मला त्यांचा राग यायला हवा होता, आलाही असता, पण "आजोबा सांगतात ते कर" हे ओरडणारं तोंड माझं होतं.

हे नुसतं रडगाणं नाही. ती पुढची दोन-तीन वर्षं घरात चांगलं चाललं होतं. मुलगा बोलायला वस्ताद निघाला. माझ्या तोंडाला गावात कुणी लागत नाही, आणि त्याने माझी जीभ घेतली होती. शाळेत पळता येत नव्हतं, म्हणून भाषणं करायचा. एका प्रजासत्ताक दिनाला 'मुलगी वाचवा' हे भाषण मीच लिहून दिलं. टेबलाला धरून उभा राहिला आणि मुठी आवळून असा काही बोलला, की सरपंचांनी उठून पाठ थोपटली आणि त्या थापेने पडता पडता वाचला. घरी आल्यावर म्हणाला, "मम्मी, मला एक बहीण पाहिजे. भाषण फुकट गेलं नाही पाहिजे."

तो आठ वर्षांचा असताना मला दिवस गेले. यात अविचार नव्हता. डॉक्टरबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, की दिवस राहिले तर तिसऱ्या महिन्यात पोटातून सुई घालून वारेचा बारीक तुकडा काढतात आणि त्यातून हा आजार आहे की नाही हे कळतं. घरात मुलालाही बाळ येणार हे माहीत होतं. मी लपवायचं म्हटलं तरी माझ्या उलट्यांनी ते आळीभर सांगितलं होतं. त्याने तर बहीण ठरवूनच टाकली होती.

त्या तपासणीच्या दवाखान्यात भिंतीवर मोठी पाटी होती : येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. तिच्याखाली आम्ही बसलो होतो. रिपोर्टसाठी आत गेल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "मुलगा की मुलगी हे मी सांगणार नाही, तसा कायदा आहे. मी एवढंच सांगते, बाळाला हा आजार आहे." सहसा मुलग्यांनाच होणारा आजार. कायदा पाळला गेला आणि मला मुलगा आहे हे कळलं.

नवरा बाहेर जिन्यावर बसला. तो फार बोलणारा माणूस नाही. म्हणाला, "एकाला आपण दोघं उचलू. दोघांना कोण उचलणार?" मी हो म्हणाले. मी त्याच्या मागे फरफटत गेले असं मला कधीच म्हणायचं नाही, मी स्वतः हो म्हणाले. माझ्या भावाच्या शेवटच्या महिन्यांत आई त्याला कुशीवर वळवायची, तेव्हा त्याच्या तोंडातून निघणारा आवाज मला माहीत होता. तो एकदा ऐकायचा माझ्या नशिबी होताच. दोनदा ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. हे मी डॉक्टरांना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, आणि टेबलावर झोपल्यावर पोटावर हात ठेवून त्यालाही सांगितलं. तो फार रडण्याचा दिवस होता, आणि तरी मला रडू फुटलं ते घरी आल्यावर, दारात मुलगा हाताने कडप्प्याचा ओटा धरून उभा होता आणि म्हणाला, "बाळ कुठंय?" तेव्हा.

"राहिलं नाही," मी म्हणाले.

त्याला खरं सांगायचं नाही, हे आम्ही तिघांनी ठरवलं. कुणालाच सांगायचं नाही, कारण गावात एकाला सांगितलेलं दुपारपर्यंत पोरांच्या डब्यात पोचतं. तुझ्यासारखा होता म्हणून ठेवला नाही, हे वाक्य त्याच्या कानावर कुठूनही पडता कामा नये, बस. बाकी लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

आणि लोक म्हणाले. पुण्याला गेली, सुई टोचून घेतली, मोकळी होऊन आली. यातून आमच्याकडे एकच अर्थ निघतो. चुलतजाऊ विहिरीवर मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "भाषनं लेकराकडून करून घ्यायची, आन् आपली लेक पुण्यात सोडून यायची. आमाला काय कळत न्हाई व्हय?" एरवी मी तिची चामडी सोलली असती. मी बादली उचलली आणि घरी आले. माझं तोंड माहीत असलेल्या बायकांना माझं गप्प बसणं म्हणजे कबुलीच वाटली. पारावर कुणी तात्यांना विचारलं, "तात्या, नात नको व्हती व्हय?" या माणसाने आयुष्यात अपमान गिळलेला नाही. त्या दिवशी मान खाली घालून घरी आले आणि जेवले नाहीत. त्यांचा नातू गेला होता, आणि नातीच्या नावाने शिव्या खात होते.

ते मुलापर्यंत पोचायला वर्ष लागलं. तोवर त्याचं चालणं पार कमी झालं होतं. शाळेतून आला, दप्तर टाकलं, आणि मी बूट काढायला वाकले तर पाय मागे घ्यायचा प्रयत्न केला. पाय हललाच नाही, नुसती मान मागे गेली.

"मम्मी, ती मुलगी होती म्हणून पाडलीस?"

मी त्याचा बूट हातात धरून तशीच बसले. नाही म्हणणं सोपं होतं. पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न 'मग का?' असा येणार, आणि हा पोरगा उत्तर मिळेपर्यंत सोडणारा नाही, माझ्यावर गेलाय. मी म्हणाले, "हो."

"खोटं."

"खरं."

त्याने हाक मारली, "तात्या, मला उचला."

त्यानंतर वर्ष-दीड वर्ष त्याने माझ्या हातून शक्य तितकं काही करून घेतलं नाही. आंघोळ बापाकडून, संडासला तात्यांकडून. घास मी भरवायला गेले तर तोंड मिटून घ्यायचा. माझ्याशी बोलायचा ते वर्गातल्या बाईंशी बोलल्यासारखं, अहो-जाहो केलं नाही एवढंच. नवरा म्हणायचा, सांगून टाकू. मी म्हणायचे, खबरदार. माझ्यावर रागावलाय ना, रागावू दे. रागात माणूस जगतो. दुसरं जे आहे ते कळलं, तर ते घेऊन तो खुर्चीत एकटा बसेल दिवसभर, त्याला उठून दुसऱ्या खोलीतसुद्धा जाता येत नाही. असं म्हणायचे खरी, पण एकदा शाळेत 'आई' हा धडा शिकवता शिकवता मला पुढचं वाचता येईना. मुलांना लिहायला लावलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.

मग पुन्हा दिवस गेले. पुन्हा तो दवाखाना, ती पाटी, ती सुई. या वेळी डॉक्टर म्हणाल्या, "बाळाला हा आजार नाही." बाकी काही नाही बोलल्या, आणि बाकी काही कळायलाही मार्ग नव्हता. मुलगी झाली. तात्यांनी मंचरहून जिलेबी आणली आणि जिने विहिरीवर ऐकवलं होतं तिच्या दारात पहिला पुडा स्वतः नेऊन दिला. छाती काढून गेले, छाती काढून आले. ती मुलगी पुढे आजार घेऊन चालली आहे की नाही, हे तपासायचं की नाही, ते ती मोठी झाल्यावर ठरवेल. त्या दिवशी मला त्याचा विचारसुद्धा करायचा नव्हता.

मुलगा तोपर्यंत पूर्ण चाकाच्या खुर्चीत आला होता. बहीण त्याच्या मांडीवर ठेवली तेव्हा हात वर उचलत नव्हते, म्हणून आम्ही त्याचे हात तिच्याभोवती ठेवून दिले. तो तिच्याकडे पाहायचा, मग घराकडे पाहायचा. जिलेबीकडे, तात्यांकडे, भिंतीला टेकून हसणाऱ्या बापाकडे, माझ्याकडे. तो हिशेब लावतोय हे मला कळायला हवं होतं. मी आनंदात होते. कधी नव्हे ती आनंदात होते.

महिना-सव्वा महिना झाला असेल. दुपारची वेळ, पडवीत मी पाय पसरून मुलीला तेल लावत होते. तो शेजारी खुर्चीत. तात्या कांद्याला पाणी द्यायला गेले होते. तो शांतपणे म्हणाला, "मम्मी, तुम्हाला मुलगी नको नव्हती."

मी तेलाची वाटी शोधल्यासारखं केलं. वाटी समोरच होती.

"डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, माझा आजार मुलग्यांनाच होतो. मी होतो तिथं, मला वाटतं तुम्ही विसरलात." थोडा थांबला. आताशा लांब वाक्य झालं की तो थांबतो. "तो भाऊ होता. माझ्यासारखा."

मी मुलीच्या अंगावर टॉवेल टाकला. दीड वर्ष मी ज्या एका वाक्याच्या आड उभी होते ते त्याने बसल्या जागेवरून हात न हलवता बाजूला केलं होतं. तो रडेल, किंचाळेल, मला शिव्या देईल, यातल्या कशालाही मी तयार होते.

"बरं केलंस," तो म्हणाला.

त्याच्या तोंडून गेल्या दीड वर्षात मला मिळालेला तो पहिला चांगला शब्द होता. कुणी सुरा खुपसला असता तरी मी सहन केलं असतं. मी म्हणाले, "असं नको बोलू रे."

"खरंच. लई दुखतं, मम्मी. तुला सांगत नाही मी." मग बहिणीच्या तेलकट पायांकडे पाहत, जणू गणितातली शंका विचारावी तसं त्याने विचारलं, "माझ्या वेळेला केली असती ही टेस्ट, तर?"

ठेवला असता म्हणावं, तर मग त्याच्या भावाला का नाही ठेवला? नसता ठेवला म्हणावं, तर समोर बसलेल्या माझ्या पोराला मी कुठल्या तोंडाने घास भरवू? मी त्याच्याकडे पाहिलं. तो वाट पाहत होता, आणि मग माझ्या तोंडाकडे पाहून त्याने वाट पाहणं सोडून दिलं.

"राहू दे," तो म्हणाला. "घसरलोय बघ मी. जरा वर ओढ."

मुलीला सतरंजीवर ठेवलं, तेलाचे हात पदराला पुसले, आणि त्याच्या काखेत हात घालून मी त्याला वर ओढून नीट बसवलं.